किंमत दाराची, मजा चाकांची

जुन्या जर्मन मोटारींचा विषय निघाला की मर्सिडीज-बेंझ ३०० एसएलचं नाव हटकून येतं. समुद्रावरच्या कुरव पक्ष्यानं पंख पसरावेत तशी तिची दारं वर उघडतात, म्हणून तिला ‘गलविंग’ म्हणतात.

ही दारं शोभेसाठी नव्हती. १९५२ साली मर्सिडीजनं शर्यतीची जी गाडी केली, तिचा सांगाडा बारीक पोलादी नळ्या जोडून बनवला होता. वजन कमी, बळकटी भरपूर. पण त्यासाठी बाजूच्या नळ्या इतक्या उंच घ्याव्या लागल्या की नेहमीच्या दाराला जागाच उरली नाही. मग दार छपरालाच टांगलं. वृत्ताच्या अडचणीतून एखादी ओळ अचानक देखणी होते, हा आम्हा कवींचा अनुभव. इंजिनिअरांनाही तो येत असावा. त्याच वर्षी त्या गाडीनं ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. न्यूयॉर्कचे मोटार-व्यापारी मॅक्स हॉफमन यांनी तशी गाडी विक्रीसाठी मागितली, आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्याच प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. अशा १४०० झाल्या, त्यांतल्या २९ ॲल्युमिनियमच्या अंगाच्या. संग्राहकाला आणखी काय हवं?

चालवणाऱ्याचं गाऱ्हाणं वेगळं. आत शिरताना उंच उंबरठा ओलांडायचा, त्यासाठी स्टिअरिंग वाकवायचं. काचा खाली होत नाहीत, त्यामुळे आत भट्टी. वेगात वळताना घाबरून पेट्रोलवरचा पाय उचलला, तर मागची चाकं आत दुमडतात आणि गाडी गर्रकन फिरते. १९५७ च्या उघड्या रोडस्टरमध्ये मागच्या चाकांची बांधणी सुधारली, दारंही साधी झाली. चालवायला हीच शहाणी. तरी लिलावात भाव सहसा गलविंगला जास्त. उंबरठ्याचेच पैसे, म्हणा ना!

याच हॉफमननी पुढे बीएमडब्ल्यूकडे लहान गाडीत मोठं इंजिन मागितलं. १९६८ ची ‘२००२’ ती हीच. वजन साधारण हजार किलो, शक्ती शंभर अश्वांची. भरपूर बनली, म्हणून भाव बेताचा. पण वळणाच्या रस्त्यावर माणूस हसत उतरतो ते हिच्यातून.

आणि भावाचा कळस? मर्सिडीजचीच ३०० एसएलआर कूपे. १९५५ मध्ये ल माँच्या भीषण अपघातात ऐंशीहून अधिक माणसं गेली. ज्या शर्यतीसाठी ही बंद गाडी तयार होत होती, ती रद्द झाली, आणि वर्षअखेर कंपनीनं शर्यतीच सोडल्या. दोनच गाड्या झाल्या होत्या. मे २०२२ मध्ये त्यांतली एक १३.५ कोटी युरोंना गेली, जगातली सर्वांत महाग ठरली. दुसरी कंपनीकडेच राहिली. पण या गाडीला खरा रस्ता दाखवला तो तिचे कर्ते रुडॉल्फ ऊलेनहाउट यांनी. आवाज कानठळ्या बसवणारा, म्हणून त्यांनी तिला भलामोठा सायलेन्सर लावला आणि कंपनीची गाडी म्हणून कामावर वापरायला काढली!