तळटीप : हजेरी

आजोबांनी पोलीस पाटलाकडे हजेरी देण्याचा जो प्रसंग लेखकाने सांगितला आहे, त्यामागे 1871 चा 'गुन्हेगार जमाती कायदा' आहे. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात आला, 1911 च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही लागू झाला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार ठरवली की त्या निर्णयाला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींतल्या माणसांची नावे वहीत चढत, बोटांचे ठसे घेतले जात. गाव सोडायचे तर परवाना लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहतच होती. आईबापांपासून मुले तोडून सुधारशाळेत घालण्याची मुभाही कायद्याने दिली होती, आणि माझ्या मते त्यातले सर्वांत क्रूर कलम हेच.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमाती, म्हणजे आजचा विमुक्त समाज, हा दिवस स्वातंत्र्यदिनासारखा पाळतो. पण लगोलग राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर त्याच पालांवर राहिली. त्याच नजरेपायी 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर या शबर जमातीतल्या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2007 मध्ये सराईत गुन्हेगारांविषयीचे हे कायदे रद्द करण्याची शिफारस भारताला केली. आजही चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर धाड पडते. लेखकाच्या आजोबांची हजेरी वाचताना वाचकांनी ती इतिहासजमा मानू नये, ही विनंती. (संपा.)