सुटण्याचे गणित

मोटारगाडीच्या इतिहासात आम्ही चार्ल्स केटरिंग यांचे नाव आदराने घेतो. उलट फिरलेल्या हँडलने चालकाचे मनगट मोडे. १९१२ च्या कॅडिलॅकमधील त्यांच्या विजेच्या स्टार्टरने ते हँडलच अनावश्यक ठरवले. मात्र मोटरइतकाच अवघड पेच दात्यांचा होता, हे आम्ही सहसा विसरतो.

लहान मोटरने जड इंजिन फिरवायचे, तर तिच्या पिनियनला १० दाते आणि फ्लायव्हीलच्या कड्याला १२०, असे काहीसे प्रमाण हवे. बळ बारापट होते. पण इंजिन सुरू होताच हाच हिशेब उलटतो. त्याचे मिनिटाला १००० फेरे झाले, तर गुंतून राहिलेल्या मोटरवर १२,००० फेऱ्यांची सक्ती होते आणि तिची वेटोळी उखडतात.

१९१० च्या दशकात व्हिन्सेंट बेंडिक्स यांची रचना रूढ झाली. तीत पिनियन आटे पाडलेल्या दांड्यावर बसते. मोटर झटक्याने फिरली की जडत्वामुळे ते मागे रेंगाळते, म्हणून आट्यांवरून सरकत कड्यात गुंतते. इंजिनाने वेग घेतला की त्याच आट्यांवरून परतते. गुंतवणे आणि सोडवणे, दोन्ही एकाच आट्यांनी साधले. गॅरेजांत या भागाला आजही 'बेंडिक्स' म्हणतात. माणूस विस्मरणात गेला, नाव कामाला राहिले.