टाचेखालची जमीन

माझं माहेर कंधारकडचं. माळवदाचं घर, आत चोपण्यानं ठोकून बसवलेली जमीन आणि तिच्यावर शेणाचं सारवण. माय पाटावर बसून भाकरी थापायची. तिचं उभं राहणं शेतात, तेही मऊ मातीत. बायांची तक्रार असे ती टाचेच्या भेगांची. त्यात मेण वितळवून भरत.

टाच तेव्हाही दुखायचीच, नाही तर सुश्रुतानं ‘वातकंटक’ कशाला सांगितला असता? आमच्याकडे त्यावर वीट तापवत, तिच्यावर रुईची पानं अंथरत आणि टाच दाबून धरत. चर्र व्हायचं, बरंही वाटायचं. मधुमेहवाल्यांनी मात्र त्या वाटेला जाऊ नये. बधिर टाच भाजली तरी कळत नाही.

मग शहाबादी फरशी आली. 1956 पर्यंत शहाबाद आणि आम्ही एकाच हैदराबाद राज्यात. आधी ती वाड्यांच्या ओसरीत दिसे, पुढे स्वयंपाकघरात शिरली. पाठोपाठ गॅस आला आणि उभा ओटा. बसून होणारा स्वयंपाक अनवाणी उभ्यानं, दगडावर होऊ लागला. माझ्या मते आमच्या टाचदुखीचं मोठं कारण हेच.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जड माळवदांखाली हजारो माणसं गेली, म्हणून जुन्या घरांचे गोडवे मी गाणार नाही. पण पुनर्वसनात सिमेंटची घरं आली, गावं ऐसपैस झाली आणि कित्येकांची शेतं लांब पडली. पायपीट वाढली, तीही कडक रस्त्यावर, झिजलेल्या स्लीपरात.

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. रोजच्या ताणानं तो टाचेपाशी दुखावतो. रात्रभर आखडतो, म्हणून सकाळची पहिली पावलं जीव काढतात. चाळिशीनंतर, वजन वाढल्यावर, पोटऱ्या ताठ असल्या किंवा तळवा सपाट असला की त्रास अधिक. ‘हाड वाढलंय’ म्हणून घाबरतात ते उगीच. एक्स-रेत दिसणारा तो काटा न दुखणाऱ्या टाचांतही सापडतो.

डॉक्टर घरातही मऊ चप्पल घाला म्हणतात. पण चुलीपाशी पायताण? लातुरात सासूबाईंनी वर्षभर नाक मुरडलं. नंतर त्यांचीच टाच धरली, तेव्हा गंजगोलाईतून दोन जोड आणले. देवघरापाशी मात्र दोघीही काढतो.