केसांचा रंग पालटताय? अपेक्षा वास्तव ठेवा

पिंपरी, प्रतिनिधी - लग्नसराई जवळ आली, नवी नोकरी लागली किंवा कॉलेजचे शेवटचे वर्ष सुरू झाले, की काहीतरी वेगळे करावेसे वाटते आणि पहिली नजर जाते ती केसांकडे. निगडी-चिंचवडपासून चाकणच्या बाजारपेठेपर्यंत हेअर कलर करून देणारी सलून आता जागोजागी आहेत. मोबाइलवरील छायाचित्र पुढे करून 'अगदी असाच रंग हवा' असे सांगितले जाते. तीन तासांनंतर आरशात मात्र राखाडीऐवजी नारिंगी छटा दिसते आणि हिरमोड होतो. अशा वेळी दोष कारागिराचा किंवा रंगाचा असतोच असे नाही. मुळात आपल्या काळ्याभोर केसांकडून एका बैठकीत काय अपेक्षावे, याचीच कल्पना नसते.

या विषयाचे आपल्या परिसराशी एक नातेही आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ युजेन श्युलर यांनी १९०७ मध्ये केसांचा कृत्रिम रंग तयार केला आणि १९०९ मध्ये त्याच्या विक्रीसाठी कंपनी स्थापन केली. तीच पुढे 'लॉरियल' या नावाने जगभर पसरली. या कंपनीचा कारखाना आपल्या चाकण औद्योगिक पट्ट्यातही आहे.

रंग चढतो कसा?

केसाच्या बाहेरच्या बाजूस कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचा थर असतो. त्याच्या आतील गाभ्यात मेलॅनिन हे नैसर्गिक रंगद्रव्य असते. कायमस्वरूपी रंगातील अमोनियामुळे खवले उघडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड मूळचे मेलॅनिन काही अंशी फिके करते आणि त्याच वेळी रंगाच्या सूक्ष्म रेणूंची गाभ्यात जोडणी घडवून आणते. जोडणीनंतर हे रेणू आकाराने मोठे होत असल्याने ते सहजी बाहेर पडत नाहीत. सलूनमध्ये ज्याला १०, २०, ३०, ४० व्हॉल्यूम म्हणतात, ते म्हणजे अनुक्रमे ३, ६, ९ आणि १२ टक्के पेरॉक्साइड. आकडा वाढतो तसा केस अधिक उजळतो आणि इजाही अधिक होते.

काळ्यापासून सोनेरीपर्यंत

केसांच्या गडदपणाची १ ते १० अशी श्रेणी मानली जाते. त्यात १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अतिशय फिका सोनेरी. आपल्याकडील बहुतेकांचे केस पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच असतात. नुसत्या रंगाने ते दोन-तीन पायऱ्या उजळतात. त्यापुढे जायचे तर ब्लीच करण्यावाचून पर्याय नाही. ब्लीच करताना काळा केस एकदम पांढरा होत नाही. तो आधी तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी फिकट पिवळा होतो. राखाडी किंवा चंदेरी छटा या शेवटच्या पायरीवरच खुलते. निळा रंग पिवळसर केसावर लावला तर तो हिरवट दिसतो, हे शाळेतील चित्रकलेच्या तासाला शिकलेले गणित येथेही लागू पडते.

म्हणूनच गडद काळ्यावरून चंदेरीवर जाण्यासाठी अनेकदा काही आठवड्यांच्या अंतराने दोन, तीन किंवा अधिक बैठका लागतात. पहिल्या बैठकीनंतर तांबूस-तपकिरी छटा आली, तर ते अपयश नव्हे, तो वाटेतला टप्पा होय.

आधीचा इतिहास महत्त्वाचा

रंगावर रंग लावून केस उजळत नाहीत, हा या व्यवसायातील पहिला धडा. ज्यांनी पूर्वी काळा डाय लावला आहे, त्यांना तो आधी उतरवावा लागतो आणि तो क्वचितच एकसारखा उतरतो. मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केसातील केराटिनला घट्ट चिकटते. मेंदीनंतर नीळ लावलेले केस ब्लीच केल्यास हिरवट होऊ शकतात. तयार पाकिटातील काही मिश्रणांत धातूंचे क्षार असल्यास पेरॉक्साइडशी त्यांची तीव्र प्रक्रिया होऊन केस तापतात व तुटतात. रिबॉण्डिंग किंवा स्मूदनिंग केलेले केस आधीच कमजोर झालेले असतात. या साऱ्या गोष्टी सलूनमध्ये न लपविता सांगाव्यात आणि आधी आतल्या बाजूच्या एका बटेवर प्रयोग करून पाहावा.

रंग टिकतो किती?

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दोन महिन्यांत मुळाशी दोन-अडीच सेंटिमीटरची काळी पट्टी दिसू लागते. निळा, जांभळा, गुलाबी असे रंग बहुधा केसाच्या गाभ्यात पक्के बसत नाहीत. दर धुण्याला ते थोडे थोडे जातात आणि काही आठवड्यांत फिके होतात. राखाडी छटेखालचा पिवळेपणाही असाच वर येतो.

त्यात पाण्याचा प्रश्न आहे. पवनेचे पाणी मिळणाऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेने नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पुरवठा सुरू केला. अनेक सोसायट्या टँकर व बोअरच्या पाण्यावर गरज भागवतात. क्षारयुक्त पाण्याने केस राठ व रंग निस्तेज होतो. लोह वा तांब्याचा अंश असल्यास छटाही बदलते. शक्य असल्यास शेवटचे पाणी गाळलेले किंवा कमी क्षाराचे घ्यावे, सल्फेटविरहित शाम्पू वापरावा आणि गरम पाणी टाळावे. दुचाकीवरून चाकणला रोज ये-जा करणाऱ्यांनी उन्हापासूनही केस जपावेत.

ॲलर्जीकडे दुर्लक्ष नको

गडद रंगांत बहुधा पॅरा-फेनिलीन-डायअमाइन, म्हणजेच 'पीपीडी' असते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्ये त्याला वर्षाचा प्रमुख ॲलर्जीकारक घटक ठरविले होते. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. 'काळी मेंदी' काढून घेतल्यावर ज्यांना खाज वा फोड आले होते, त्यांनी विशेष जपावे. पाकिटावर 'अमोनियाविरहित' असे लिहिले असले, तरी त्यात पीपीडी नाही असा त्याचा अर्थ होत नाही. आधी चाचणी करावी व हा रंग भुवया-पापण्यांना लावू नये, ही सूचना पीपीडीयुक्त रंगाच्या वेष्टनावर छापणे भारतातील नियमांनुसार बंधनकारक आहे. तेव्हा कानामागे किंवा कोपराच्या आतील बाजूस थोडा रंग लावून ४८ तास वाट पाहावी. चेहरा सुजणे किंवा श्वास लागणे अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. ब्लीच पावडरमधील परसल्फेटमुळे दमा बळावू शकतो, हेही दम्याच्या रुग्णांनी ध्यानात ठेवावे.

जाण्यापूर्वी हे विचारा

- हवी ती छटा किती बैठकांत येईल आणि पहिल्या बैठकीनंतर केस कसे दिसतील?
- एकूण खर्च किती? त्यात टोनर, मुळांचे टचअप आणि देखभाल धरली आहे का?
- केस कमजोर वाटल्यास काम मध्येच थांबविणार का?
- नोकरीच्या ठिकाणी असा रंग चालतो का? हा प्रश्न मात्र स्वतःलाच विचारावा.

लग्न तोंडावर असताना किंवा मुलाखतीच्या आदल्या दिवशी प्रथमच मोठा बदल करू नये. हाताशी किमान दोन महिने असावेत. मन निश्चित नसेल तर हायलाइट्स किंवा फक्त टोके रंगवून सुरुवात करावी. मुळे नैसर्गिक राहिल्याने वाढ उठून दिसत नाही आणि कंटाळा आला तर टोके कापून टाकता येतात. ब्लीच केलेला केस पूर्ववत होत नाही. कंडिशनरने तो मऊ भासतो इतकेच. खरा नवा केस येतो तो मुळातूनच, महिन्याला सव्वा सेंटिमीटर या त्याच्या गतीने. हा हिशेब आधीच मांडला, तर आरशासमोर पस्तावण्याची वेळ येणार नाही.