शिरगणती आणि सत्तेचा वाटा : नायजेरियाची कहाणी

डोकी फोडण्यापेक्षा डोकी मोजणे बरे, अशी लोकशाहीची एक सुटसुटीत व्याख्या केली जाते. या व्याख्येत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. मोजणारा खरे मोजील आणि ज्यांची मोजणी झाली ते लोक ती मान्य करतील, ही ती गोष्ट. हे गृहीतच ढासळले तर काय घडते? पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया या संघराज्याचा गेल्या शतकाचा इतिहास या प्रश्नाचे मोठे बोलके उत्तर देतो.

आमच्या ज्येष्ठ वाचकांना नायजेरिया हे नाव आठवते ते बायफ्राच्या युद्धामुळे. १९६७ ते १९७० या काळातील त्या युद्धात दहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली असे मानले जाते, आणि त्यांतील बहुतेक बंदुकीने नव्हे तर भुकेने गेली. कारितास आणि प्रॉटेस्टंट चर्चच्या संस्था यांनी रात्रीच्या अंधारात उली येथील धावपट्टीवर अन्नाने भरलेली विमाने उतरविली. हाडांचा सापळा झालेल्या मुलांची छायाचित्रे त्या वेळी जगभर पोहोचली. या युद्धाची कारणे अनेक होती. वांशिक वैर, लष्करी बंडे, खनिज तेल ही त्यांपैकी सर्वश्रुत. परंतु त्यांच्याही आधीच्या एका कारणाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ते कारण म्हणजे १९६२ आणि १९६३ सालच्या दोन शिरगणत्या. त्यांची हकिकत आम्ही येथे मांडीत आहोत.

नायजेरिया हा देश इंग्रजांनी जोडला. १९१४ साली लुगार्ड या अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत उत्तर आणि दक्षिण असे दोन मुलूख एका अंमलाखाली आणले गेले. पुढे दक्षिणेचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि १९४६ च्या राज्यघटनेने देशात तीन प्रांत मान्य केले. उत्तरेत हौसा आणि फुलानी लोकांचे प्राबल्य असून तेथे मुस्लिम अमिरांची जुनी राज्ये होती. पश्चिमेत योरुबा, तर पूर्वेत इग्बो बहुसंख्य. इग्बोंमध्ये ख्रिस्ती धर्म, विशेषतः कॅथलिक पंथ, खोलवर रुजला होता. प्रत्येक प्रांतात लहानमोठ्या इतर अनेक जमातीही होत्या. इंग्रजी शाळा दक्षिणेत लवकर आल्या, त्यामुळे नोकऱ्या व व्यापार यांत दक्षिणेकडील लोक पुढे गेले. उत्तरेकडे मात्र एकच मोठे बळ होते, आणि ते म्हणजे संख्येचे.

परक्या राज्यात लोकांना मोजणीची भीती वाटे, कारण मोजणी झाली की मागोमाग कर येई. १९२९ च्या नोव्हेंबरात पूर्वेकडील ओलोको या गावी नवान्येरुवा नावाच्या एका स्त्रीच्या घरी सरकारी मोजणीदार आला आणि घरातील माणसे व शेळ्यामेंढ्या मोजून सांग, असे म्हणाला. तिने त्याला उलट सवाल केला आणि गावातील बायकांना हाक दिली. कर आता बायकांवरही बसणार, या भयाने हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. गोळीबारात पन्नासांहून अधिक स्त्रिया ठार झाल्या. इतिहासात हा उठाव ‘स्त्रियांचे युद्ध’ म्हणून नोंदला गेला आहे. त्या काळी माणसे मोजणीपासून लपत असत. पुढे तीस-पस्तीस वर्षांतच तीच माणसे आपली संख्या फुगवून सांगू लागली. माणसांचा स्वभाव पालटला नव्हता, मोजणीचा हेतू पालटला होता. पूर्वी डोक्यागणिक कर लागत असे. आता डोक्यागणिक सत्ता मिळणार होती.

हा पालट कसा झाला, ते पाहू. १९५० साली इबादान येथे नव्या राज्यघटनेचा विचार करण्यासाठी परिषद भरली. मध्यवर्ती सभागृहात निम्म्या जागा आम्हांला हव्यात, असा उत्तरेच्या अमिरांनी आग्रह धरला आणि तो मान्य झाला. १९५१ च्या घटनेनुसार १३६ निर्वाचित जागांपैकी ६८ उत्तरेला आणि पूर्व व पश्चिम यांना प्रत्येकी ३४ मिळाल्या. १९५२-५३ मध्ये प्रांतवार शिरगणती झाली. देशाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी भरली आणि तिच्यातील निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख, उत्तरेत निघाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर १९५९ साली जी सार्वत्रिक निवडणूक झाली, तिच्यात ३१२ पैकी १७४ जागा उत्तरेच्या वाट्याला आल्या. पूर्वेला ७३, पश्चिमेला ६२ आणि लेगॉस या राजधानीला ३. उत्तरेचे अबुबकर तफावा बलेवा पंतप्रधानपदी राहिले आणि १ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला.

या आकड्यांचा अर्थ वाचकांच्या ध्यानी आला असेल. बाकीचे सारे प्रांत एकत्र आले तरी त्यांची बेरीज उत्तरेपेक्षा कमीच भरणार होती. संघराज्यात एक घटक इतरांच्या मानाने फार बलाढ्य असू नये, असा इशारा जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८६१ सालीच देऊन ठेवला होता. नायजेरियात नेमके तेच घडले होते. केंद्रातील सत्ता पालटायची तर दक्षिणेपुढे दोनच मार्ग होते. एक, उत्तरेतील मतदारांना आपलेसे करणे. दुसरा, नव्या शिरगणतीत संख्येचे पारडे फिरविणे. पहिला मार्ग लांबचा होता. दुसरा जवळचा वाटला.

१९६२ च्या मे महिन्यात स्वतंत्र नायजेरियाची पहिली शिरगणती झाली. पुढाऱ्यांनी आपापल्या लोकांना मोजून घेण्याचे आवाहन केले. आकडे अधिकृतपणे जाहीर झाले नाहीत, परंतु बाहेर फुटले. उत्तरेची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी वाढून सव्वादोन कोटींच्या घरात गेली होती. पूर्व आणि पश्चिम यांची वाढ मात्र ७० टक्क्यांच्या पुढे होती. हे आकडे खरे मानले तर दक्षिणेची बेरीज प्रथमच उत्तरेहून अधिक भरत होती. पूर्वेचे आकडे फुगविलेले आहेत, असा अभिप्राय शिरगणतीच्या इंग्रज प्रमुखाने दिला. एवढे झाल्यावर उत्तरेने फेरतपासणी केली, आणि काय आश्चर्य! पूर्वी नजरेतून निसटलेली सुमारे ८५ लाख माणसे सापडली. उत्तरेचा आकडा ३ कोटी १० लाखांवर गेला आणि बहुमत पुन्हा तिच्याकडे आले. अखेर पंतप्रधान बलेवा यांनी १९६३ च्या प्रारंभी ही सारी शिरगणती रद्द केली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसरी मोजणी झाली. एका प्रांताच्या मोजणीवर दुसऱ्या प्रांताचे निरीक्षक नेमण्यात आले. तरीही १९६४ च्या फेब्रुवारीत जाहीर झालेला निकाल पाहून जाणकार थक्क झाले. देशाची लोकसंख्या ५ कोटी ५६ लाखांच्या वर दाखविली होती. दहा-अकरा वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक वाढ! एवढी वाढ नुसत्या जन्मांनी होणे शक्य नाही, हे कोणीही सांगू शकेल. उत्तरेचा वाटा होता २ कोटी ९८ लाख, म्हणजे पुन्हा निम्म्याहून थोडा अधिक. पूर्वेचे मुख्यमंत्री मायकेल ओकपारा यांनी हे आकडे साफ नाकारले. उत्तरेचे मुख्यमंत्री अहमदू बेल्लो यांनी ते स्वीकारले. पूर्व प्रांताने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, परंतु तेथेही दाद लागली नाही. त्याच आकड्यांवर मतदारसंघ पाडले गेले आणि ३१२ पैकी १६७ जागा उत्तरेकडे राहिल्या.

पुढील घटना वेगाने घडल्या. शिरगणतीच्या वादाने मध्यवर्ती सरकारातील उत्तर आणि पूर्व यांची युती दुभंगली. १९६४ च्या डिसेंबरातील निवडणुकीवर पूर्वेने बहिष्कार टाकला. १९६५ मध्ये पश्चिम प्रांतातील निवडणुकीनंतर जाळपोळ उसळली. १५ जानेवारी १९६६ रोजी काही तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी बंड केले, त्यात बलेवा आणि बेल्लो दोघेही मारले गेले. जुलैत प्रतिबंड झाले. उत्तरेत राहणाऱ्या हजारो इग्बोंची कत्तल झाली आणि लाखो लोक जीव मुठीत धरून पूर्वेकडे परतले. ३० मे १९६७ रोजी पूर्वेने बायफ्रा या नावाने स्वातंत्र्य पुकारले. शिरगणतीने युद्ध पेटविले असे आम्ही म्हणत नाही. पण मतपेटीने सत्ता पालटू शकते, हा विश्वास जेथे उरत नाही तेथे बंदुकीला वाट मोकळी होते. तो विश्वास नायजेरियात आधी आकड्यांच्या कागदावर मेला.

मग खोटे कोण बोलले? उत्तर की पूर्व? आमच्या मते हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही, कारण सर्वांनीच हात मारला. महत्त्वाचा प्रश्न असा की, सर्वांना खोटे बोलावेसे का वाटले? आपल्या पॅरिशमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीवर इतिहासकार निःशंकपणे विसंबतात. तिच्यात नावे वाढवून कोणाच्याही पदरात काही पडत नाही, हे त्याचे एक साधे कारण आहे. नायजेरियात उलट होते. कोण मोठा, एवढ्याच एका आकड्यावर पंतप्रधानपद, मंत्रिपदे, नोकऱ्या आणि खजिन्याचा वाटा हे सारे टांगले होते. ज्याच्यावर सर्वस्व पणाला लागले आहे, तो आकडा प्रामाणिक कसा राहील?

युद्धानंतरच्या राज्यकर्त्यांना याची थोडीबहुत जाण आली होती. १९६७ सालीच तीन मोठ्या प्रांतांसह चारही प्रांत मोडून बारा राज्ये करण्यात आली होती. आज ती छत्तीस आहेत. १९७९ च्या घटनेने असे ठरविले की, राष्ट्राध्यक्षाला केवळ सर्वाधिक मते पुरणार नाहीत, तर किमान दोनतृतीयांश राज्यांत प्रत्येकी एकचतुर्थांश मते मिळाली पाहिजेत. वरिष्ठ सभागृहात प्रत्येक राज्याला समान जागा देण्यात आल्या. आकड्याचे ओझे अशा रीतीने थोडे हलके झाले. तरी संशय गेला नाही. कनिष्ठ सभागृहाच्या जागा आणि मध्यवर्ती खजिन्यातून राज्यांना मिळणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा लोकसंख्येवरच अवलंबून राहिला. १९७३ ची शिरगणती वादात सापडली आणि १९७५ मध्ये मुर्तला मुहम्मद यांच्या लष्करी राजवटीने ती मोडीत काढली. १९९१ च्या शिरगणतीत धर्म आणि जमात हे प्रश्नच गाळण्यात आले. तेव्हा लोकसंख्या सुमारे ८ कोटी ९० लाख भरली आणि जागतिक संस्थांच्या अंदाजांपेक्षा ती कितीतरी कमी निघाली. २००६ मध्ये १४ कोटींचा आकडा जाहीर झाला. त्यात उत्तरेतील कानो राज्याचे ९४ लाख आणि दक्षिणेतील लेगॉसचे ९१ लाख दाखविले होते. लेगॉसच्या सरकारने आपल्या मोजणीनुसार १ कोटी ७५ लाखांचा दावा केला. २०२३ साली ठरलेली शिरगणतीही पुढे ढकलण्यात आली. गंमत अशी की, १९५२ पासून २००६ पर्यंत एकंदर आकडा चौपटीहून मोठा झाला, परंतु उत्तरेचा वाटा ५३ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यानच राहिला.

या खोट्या बेरजेची किंमत पुढाऱ्यांना मोजावी लागत नाही. गावात मुले किती हे ठाऊक नसेल तर शाळा किती बांधाव्यात, लशी किती पाठवाव्यात, विहिरी कोठे खणाव्यात, हे कोणी ठरवावे? कागदावरील माणसांना भूक लागत नाही आणि आजारही जडत नाहीत. ती केवळ मतदान करतात. कागदावर नसलेल्या हाडामांसाच्या माणसांना मात्र भूक लागते, आणि त्यांचा वाटा त्या कागदी माणसांनी आधीच उचललेला असतो.

हे दूरच्या देशाचे दुखणे आहे, असे मानून आपण स्वस्थ बसू नये. आपल्या राज्यघटनेनेही लोकसभेच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटण्याचे तत्त्व स्वीकारले. परंतु कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांच्या जागा घटू नयेत, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठविल्या. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. आकड्यावरचे ओझे काढून घेण्याचा हा एक मार्ग होता. त्यालाही किंमत आहेच, कारण त्यामुळे एका राज्यातील मताचे वजन दुसऱ्या राज्यातील मतापेक्षा कमीअधिक होत जाते.

आणि मोह आपल्या घरातही शिरू शकतो. नागालँडची लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १२ लाख होती. २००१ च्या जनगणनेत ती ६४ टक्क्यांनी वाढून जवळजवळ २० लाख झाली. जिल्ह्याजिल्ह्यांत आणि जमातीजमातींत विधानसभेच्या जागांची चढाओढ चालू असल्याने हे आकडे फुगले, अशी उघड चर्चा तेथे झाली. २०११ च्या मोजणीत तोच आकडा वाढण्याऐवजी किंचित घटला. देशात अन्यत्र मतदारसंघांची फेररचना झाली, तेव्हा नागालँडमधील काम थांबवावे लागले. नागालँड हे ख्रिस्ती बहुसंख्येचे राज्य आहे, ही गोष्ट आपण विसरू नये. खोटी मोजणी हा कोणा एका धर्माचा वा जमातीचा दोष नव्हे.

माणसे मोजल्यावाचून न्याय्य वाटप होत नाही, हे खरेच. पण राज्यघटना घडविणाऱ्यांनी एवढी खबरदारी घ्यावी, की ज्याची संख्या कमी भरेल त्यालाही या देशात आपले काही चालते असे वाटावे. ज्याला ही खात्री असते, तो खरा आकडा सांगावयास भीत नाही. आणि मोजणीदार आपल्या दारी येईल तेव्हा घरात जितकी माणसे असतील तितकीच सांगणे, हे नागरिक म्हणून आपल्या हाती आहे. काम लहान दिसते, परंतु नायजेरियात ते कोणालाच जमले नाही.