लाल ठशाची साक्ष

माणसाची जीभ खोटें बोलूं शकते. त्याचा अंगठा मात्र खोटें बोलत नाहीं, ही समजूत विसाव्या शतकाच्या प्रारंभीं लंडनच्या न्यायालयांत नुकतीच मूळ धरूं लागली होती. अशा वेळीं, १९०७ सालीं, रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज डॉक्टरानें ‘दि रेड थम्ब मार्क’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि त्या समजुतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें.

या कादंबरीचें मर्म ध्यानांत येण्यासाठीं प्रथम बंगालकडे वळलें पाहिजे. १८५८ सालीं जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई नांवाच्या मक्तेदाराकडून खडी पुरविण्याचा करार करून घेतला व त्या कागदावर त्याच्या पंजाचा ठसा उठविला. पुढें ‘सही माझी नव्हे’ असें म्हणण्याचें धैर्य मक्तेदारास होऊं नये, एवढाच त्यांतील हेतु. या साध्या युक्तीचें शास्त्र बनण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. १८८० सालीं जपानमध्यें काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनीं ठशांवरून गुन्हेगार ओळखतां येईल असें ‘नेचर’ साप्ताहिकांत सुचविलें. १८९२ सालीं फ्रान्सिस गाल्टन यांनीं ठशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. परंतु हजारों ठशांतून नेमका एक कसा हुडकावा, हा प्रश्न सुटला तो कलकत्त्यास. बंगालचे पोलिसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनीं वर्गीकरणाची पद्धति सिद्ध करण्यांत मोठा वांटा उचलला. १८९७ सालीं हिंदुस्थान सरकारनें ती स्वीकारली. पद्धतीला नांव मात्र हेन्रींचें पडलें, आणि १९०१ सालीं तेच तिला घेऊन लंडनच्या स्कॉटलंड यार्डांत गेले.

ठशाच्या साक्षीला किती वजन द्यावें, हा प्रश्न त्यापूर्वींच बंगालमधील जलपैगुरीच्या एका खटल्यांत उभा राहिला होता. १८९७ सालीं तेथील एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या कागदपत्रांतील एका बंगाली पंचांगावर रक्ताचे डाग सांपडले, व त्यांतील एक डाग त्याच्या जुन्या नोकराच्या अंगठ्याशीं जुळला. १८९८ सालीं न्यायालयानें त्या नोकराला चोरीबद्दल शिक्षा केली. परंतु खुनाच्या आरोपांतून मुक्त केलें. हात तेथें पोंचला होता, हें ठशानें सिद्ध झालें. त्या हातानें सुरी चालविली कीं नाहीं, हें ठसा सांगूं शकला नाहीं.

लंडनमध्यें मात्र मामला अधिक पुढें गेला. १९०५ सालीं डेप्टफर्ड भागांतील एका दुकानाचा व्यवस्थापक व त्याची पत्नी यांचा खून झाला. पैशाच्या पेटीवरील ठसा स्ट्रॅटन बंधूंपैकीं थोरल्याच्या अंगठ्याशीं मिळाला. इतर पुरावाहि होता. तरी खटला गाजला तो ठशामुळें. दोघे भाऊ फांसावर चढले. अवघ्या एका ठशावर विसंबूं नये असा आग्रह धरणाऱ्यांत, ही कल्पना प्रथम मांडणारे फॉल्ड्सच होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

या पार्श्वभूमीवर फ्रीमन यांचा नायक अवतरला. फ्रीमन हे स्वतः वैद्य. पश्चिम आफ्रिकेंतील गोल्ड कोस्ट येथें सरकारी नोकरींत असतां तापानें त्यांची प्रकृति ढासळली, आणि पुढें त्यांनीं लेखणी हातीं धरली. त्यांचा डॉ. जॉन थॉर्नडाइक हा पोलिस नव्हे, हौशी हेरहि नव्हे. तो वैद्य आहे आणि वकीलहि आहे. न्यायवैद्यक हाच त्याचा व्यवसाय. त्याच्या बिऱ्हाडांतच प्रयोगशाळा आहे, आणि पोल्टन नांवाचा कुशल कारागीर त्याच्या दिमतीला आहे. शेरलॉक होम्स माणसाकडे पाहून थक्क करणारें अनुमान काढतो; थॉर्नडाइक वस्तु सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवतो, मोजतो, तिचें छायाचित्र घेतो, आणि तोंवर मत देत नाहीं.

त्याच्यापुढें आलेलें प्रकरण वरवर अगदीं निर्विवाद आहे. एका व्यापाऱ्याच्या तिजोरींतून हिरे नाहींसे होतात. आंत एक कागद सांपडतो, आणि त्यावर रक्ताचा ठसा. तो व्यापाऱ्याच्या पुतण्याच्या, रूबेन हॉर्नबीच्या, अंगठ्याशीं तंतोतंत जुळतो. त्याचा स्वतःचा सॉलिसिटर त्याला गुन्हा कबूल करण्याचा सल्ला देतो. ज्याचें शरीरच त्याच्याविरुद्ध साक्ष देतें, त्याच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार?

खोट्या ठशाची कल्पना कॉनन डॉयल यांनीं १९०३ सालच्या एका होम्सकथेंत वापरली होती. परंतु तो ठसा आदल्या दिवशीं भिंतीवर नव्हता, हें होम्सला आठवतें आणि कोडें सुटतें. फ्रीमन यांनीं अधिक बिकट प्रश्न घातला : अशी आठवण कोणालाच नसेल, तर? थॉर्नडाइकला उत्तर सांपडतें तें एका खेळण्यासारख्या वहींत. घरोघरीं आप्तेष्टांचे ठसे जमविण्यासाठीं अशी वही विकली जाते. रूबेनच्या त्या वहींतील ठशांत कागदाच्या एका तंतूमुळें बारीकशी नागमोडी फट राहिली आहे. तीच फट तिजोरींतील लाल ठशांतहि आहे. अंगठ्यावर फट नसते, कागदावर असते. म्हणजे लाल ठसा अंगठ्याचा नव्हे. ठशाचा ठसा आहे. वहींतील ठशाचें छायाचित्र घेऊन, प्रकाशानें घट्ट होणाऱ्या सरसाच्या थरावर तें उतरविलें कीं रबरी शिक्क्यासारखा शिक्का तयार होतो, हें थॉर्नडाइक प्रयोगानें दाखवितो. न्यायालयांत खरे व बनावट ठसे एकत्र समोर ठेवल्यावर स्कॉटलंड यार्डच्या तज्ज्ञालाहि त्यांतील भेद करतां येत नाहीं.

येथें फ्रीमन यांनीं शास्त्राचा उपहास केलेला नाहीं. शास्त्राची चूक शास्त्रानेंच उघडकीस आणली आहे. दोन ठसे एकसारखे आहेत, एवढेंच तज्ज्ञ सांगतो. तो ठसा तेथें कसा आला, हा निराळा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याचें कर्तव्य न्यायालयाचें आहे.

हा इशारा कालबाह्य झालेला नाहीं. २००४ सालीं माद्रिद येथील आगगाड्यांतील बाँबस्फोटानंतर अमेरिकेच्या एफ.बी.आय.नें एका पिशवीवरील ठसा एका निरपराध अमेरिकन वकिलाचा ठरविला व त्याला अटक झाली. स्पेनच्या पोलिसांनीं तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचें दाखविलें, तेव्हां त्याची सुटका झाली आणि संस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तेथें कोणी शिक्का बनविला नव्हता. चूक जुळवणी करणाऱ्या डोळ्यांची होती. त्या वकिलाच्या सुदैवानें, तोच ठसा पुन्हा तपासून पाहणारें दुसरें कोणी तरी होतें. रूबेनला थॉर्नडाइक लाभला, तो याच अर्थानें.