दुसरा गाल पुढे करायचा, पण किती दिवस?

काळे आणि गोरे खेळाडू एका संघात येतात, भांडतात, शेवटी एक होतात आणि त्यांना जोडणारा धागा ख्रिस्ती श्रद्धेचा असतो, असे चित्रपट अमेरिकेत बरेच निघाले. त्यातल्या २०१३ सालच्या ‘४२’ या चित्रपटामागचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. ४२ हा जॅकी रॉबिन्सनच्या अंगातल्या शर्टावरचा आकडा.

बेसबॉलच्या मोठ्या संघांनी साठेक वर्षे काळ्या खेळाडूंना दार बंद ठेवले होते. ब्रुकलिन डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी कट्टर मेथडिस्ट होते, रविवारी सामन्याला जात नसत. १९४५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जॅकीला बोलावले. शिव्या मिळतील, पण उलटून बोलायचे नाही, ही त्यांची अट. एका गालावर मारले तर दुसरा पुढे करावा, ही येशूची शिकवण त्यांनी त्याला आठवून दिली. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी मैदानात उतरला.

त्याच महिन्यात फिलाडेल्फिया संघाचा व्यवस्थापक बेन चॅपमन याने त्याला भर मैदानात घाणेरड्या शिव्या दिल्या. टीका झाल्यावर दोघांचा एकत्र फोटो काढायचे ठरले. जॅकी गेला. दोघांनी एकच बॅट धरली. चित्रपटातही हे आहे. शिव्या देणाऱ्याची अब्रू वाचावी म्हणून शिव्या खाणाऱ्यानेच फोटोला उभे राहायचे! समेट म्हणतात तो हाच का, असे आम्हाला वाटले.

पडद्यावर रिकींची श्रद्धा ठळक दिसते. पण जॅकीची श्रद्धा त्याच्या घरातून आली होती. त्याची आई मॅली १९२० मध्ये पाच मुलांना घेऊन जॉर्जियातून कॅलिफोर्नियाला गेली आणि लोकांच्या घरची कामे करून तिने ती वाढवली. पुढे कार्ल डाउन्स या तरुण काळ्या पाळकाने जॅकीला चर्चशी जोडले, त्याचे लग्नही लावले. पत्नी रेचल नर्सिंग शिकलेली. ती प्रत्येक अपमानात त्याच्यासोबत होती.

आणखी एक गोष्ट. जॅकीचे मौन कायमचे नव्हते. १९४९ पासून तो उलट बोलू लागला. त्याच वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे तो समान हक्कांच्या चळवळीत उतरला. १९७२ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, भरल्या मैदानात तो म्हणाला, काळा व्यवस्थापक दिसेल तेव्हा मला जास्त अभिमान वाटेल. तो आला १९७५ मध्ये.

मैत्रिणींनो, ‘तूच सोसून घे’ हे आपणही ऐकत आलो आहोत. क्षमा मोठीच आहे. पण सोसणाऱ्याने क्षमा केली, तर सोसायला लावणाऱ्याने काय बदलले, हेही विचारायला हवे. जॅकीने ते शेवटपर्यंत विचारले.